भिंत, गाडी आणि इलेक्ट्रॉन

क्वांटम भौतिकी तान्ह्या बाळाला वाचून दाखवायची, ही आता नुसती थट्टा राहिलेली नाही. ख्रिस फेरी या कॅनेडियन शास्त्रज्ञाने २०१३ साली ‘क्वांटम फिजिक्स फॉर बेबीज’ नावाचं छोटंसं पुस्तक स्वतःच छापलं. २०१५च्या डिसेंबरात फेसबुकच्या मार्क झुकरबर्गने आपल्या नवजात मुलीला तेच पुस्तक वाचून दाखवतानाचं छायाचित्र प्रसिद्ध केलं आणि ते जगभर फिरलं. २०१७मध्ये सोर्सबुक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने जाड पुठ्ठ्याच्या पानांची त्याची आवृत्ती काढली, पाठोपाठ सापेक्षतावाद, रॉकेटविज्ञान, सेंद्रिय रसायनशास्त्र अशी मालिकाच उभी राहिली. अशा पुस्तकाकडे पाहून काही जण हसतात, काही जण ते विकत घेतात, आणि पुष्कळदा हसणारा व घेणारा माणूस एकच असतो. दोन्हींमागचं गृहीतकही एकच आहे: कठीण विज्ञान एका टोकाला, बाळ दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर एक तर ओलांडता येतच नाही किंवा कुणा हुशार लेखकाने ते ओलांडून दिलं आहे. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या गृहीतकाशीच भांडतं. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विज्ञानाची चित्रपुस्तकं लिहिणारे, त्यांतली चित्रं काढणारे, ती छापणारे आणि मोठ्याने वाचून दाखवणारे, अशा सगळ्यांना समोर ठेवून ते तयार झालं आहे. या साऱ्या खटाटोपाला आधार काय आणि त्याची मर्यादा कुठे, एवढं तपासणं हे प्रस्तावनेचं काम.

फेरी यांच्या पुस्तकाला आधी न्याय द्यायला हवा. त्यात सुरुवातीला एक चेंडू आहे. चेंडूला ऊर्जा असते, सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या असतात, अणूत इलेक्ट्रॉन असतात, आणि इलेक्ट्रॉनला ठरावीक पातळ्यांवरच राहता येतं, दोन पातळ्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळता येत नाही, इथवर ते येतं आणि थांबतं. मोजक्या वाक्यांत इतकं सांगून फारसं खोटं न बोलणं सोपं नाही. विषयाचा सांगाडा नेमका कोणता, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं त्यालाच असं लिहिता येतं. जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’मध्ये असं गृहीतक मांडलं होतं की कोणताही विषय, बौद्धिकदृष्ट्या प्रामाणिक राहून, वाढीच्या कोणत्याही टप्प्यावरच्या मुलाला शिकवता येतो. स्पुटनिकनंतर अमेरिकेत शालेय विज्ञानाची जी झाडाझडती झाली, तिच्यातून हा विचार आला. ब्रूनर यांच्यासमोर मुख्यतः शाळेतली मुलं होती. तो विचार पाळण्यापर्यंत ताणला तो नंतरच्यांनी. पण ‘बौद्धिकदृष्ट्या प्रामाणिक’ ही अट त्यांनी घातली होती आणि ती आजही उपयोगाची आहे. फेरी यांचं पुस्तक भौतिकीच्या बाजूने या अटीला बऱ्यापैकी उतरतं. बाळाच्या बाजूने उतरतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर भौतिकीत मिळत नाही.

त्या उत्तराकडे वळण्यापूर्वी बाजाराचा इतिहास आठवलेला बरा. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक टिपण आलं: मोझार्टचं संगीत ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थी अवकाशीय तर्काच्या चाचणीत थोडा वेळ बरे गुण मिळवतात. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पोहोचवण्याची योजना मांडली. दरम्यान १९९७मध्ये ‘बेबी आइन्स्टाइन’च्या चित्रफिती सुरू झाल्या होत्या, पुढे त्या डिस्नेकडे गेल्या आणि २००९मध्ये कंपनीवर ग्राहकांना पैसे परत देऊ करण्याची वेळ आली. २०१०मध्ये ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी शब्द शिकवण्यासाठी बनवलेली एक चित्रफीत बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांना महिनाभर घरी पाहायला दिली. ती पाहणारी बाळं न पाहणाऱ्यांपेक्षा काडीचंही जास्त शिकली नव्हती. सर्वांत जास्त शब्द आले ते चित्रफीत अजिबात न पाहणाऱ्या एका गटाला, ज्यातल्या आईबाबांना तेच शब्द जमेल तसे रोजच्या व्यवहारात शिकवायला सांगितलं होतं. तेव्हा ‘बाळासाठी’ अशी पाटी लावून आलेल्या विज्ञानाकडे पालकांनी संशयाने पाहिलं तर त्यात गैर काही नाही. फक्त चित्रफीत आणि पुस्तक यांत एक फरक आहे. दीड वर्षाच्या मुलाला पुस्तक एकट्याने चालवता येत नाही. पान उलटायला, बोट ठेवायला आणि बोलायला कुणीतरी शेजारी बसावंच लागतं. पुस्तकाच्या बाजूने पहिला मुद्दा हा, आणि तो विज्ञानाच्या पुस्तकाला जितका लागू आहे तितकाच भाजीच्या पुस्तकालाही.

आता चित्र. चित्र म्हणजे काय हे बाळाला उपजत कळतं, असं आपण न बोलता धरून चालतो. डीलोश आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांसमोर वस्तूंची हुबेहूब रंगीत छायाचित्रं ठेवली. बाळं ती खरवडायची, चिमटीत धरून पानावरून उचलू पाहायची. हीच तपासणी पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये, बेंग समाजातल्या बाळांवरही झाली. चित्रांच्या पुस्तकांशी फारसा संबंध नसलेली ती बाळंही तसंच करत होती. एकोणीस महिन्यांच्या आसपास हे उचलणं मावळतं आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं. दीड-दोन वर्षांच्या मुलांना एखाद्या अनोळखी वस्तूचं नाव केवळ तिच्या चित्रावरून शिकवलं आणि मग ते चित्र व खरी वस्तू शेजारी ठेवून त्या नावाने विचारलं, तर मूल खऱ्या वस्तूकडे वळतं. नाव चित्राचं नाही, चित्रातल्या वस्तूचं आहे हे त्याला उमगलेलं असतं. ही झेप मोठी आहे, पण तिलाही पायऱ्या आहेत. एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना सुट्या भागांपासून खुळखुळा कसा बनवायचा ते चित्रपुस्तकातून दाखवलं. चित्र जितकं छायाचित्राच्या जवळ, तितकं ते लहानांना वापरता आलं. नुसत्या रेषांच्या चित्रावरून खुळखुळा जोडणं थोड्या मोठ्यांनाच साधलं. म्हणजे या वयात चित्राची शैली हा सजावटीचा प्रश्न नसतो. पानावरून निघालेली गोष्ट जगापर्यंत पोहोचते की पानावरच राहते, हे तिच्यावर ठरतं.

याहून महत्त्वाचा पुरावा खेळण्यातल्या खोलीचा आहे, आणि विज्ञानाचं पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असं मला वाटतं. १९८७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोगही डीलोश यांचाच. एक खरी खोली आणि तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती. मुलाच्या डोळ्यांदेखत प्रतिकृतीत एक छोटा कुत्रा लपवायचा, सांगायचं की मोठा कुत्राही मोठ्या खोलीत त्याच जागी लपला आहे, आणि मग मोठ्या खोलीत तो शोधायला लावायचं. तीन वर्षांची मुलं सरळ जाऊन कुत्रा काढतात. त्यांच्याहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान मुलं भलतीकडेच शोधत बसतात, आणि तरी छोटा कुत्रा प्रतिकृतीत कुठे ठेवला होता ते त्यांना चोख आठवत असतं. आठवण शाबूत आहे, समज शाबूत आहे. नाही ती एकच गोष्ट, ही छोटी खोली त्या मोठ्या खोलीच्या जागी उभी आहे हे पाहणं. गंमत अशी की प्रतिकृतीऐवजी लपवण्याच्या जागेचं छायाचित्र दाखवलं, तर अडीच वर्षांची मुलंही यशस्वी होतात. प्रतिकृती काचेआड ठेवली की काम सोपं होतं, आणि आधी तिच्याशी खेळू दिलं की अवघड. डीलोश यांचं स्पष्टीकरण असं: वस्तू स्वतःच जितकी लोभस, तितकं तिच्यापलीकडचं दिसणं कठीण. झडपा उघडायच्या, कप्पे ओढायच्या पुस्तकांतून लहान मुलं साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकतात असं जे दिसून आलं आहे, तेही याच्याशी जुळतं. विज्ञानाची खेळकर पुस्तकं बनवताना नेमक्या याच युक्त्यांचा आपण सढळ वापर करतो.

विज्ञानाचं मोठं काम प्रतिकृतींनी चालतं. अणूचं चित्र ही प्रतिकृती, सूर्यमाला दाखवणारा तक्ता ही प्रतिकृती, डीएनएचा जिना ही प्रतिकृती. इलेक्ट्रॉन कुणीच पाहिलेला नाही, त्यामुळे पानावरच्या ठिपक्याला जोडून घ्यायला मुलाच्या हाताशी काहीच नसतं. शिवाय मध्यभागी गोळा आणि भोवती फिरणारे ठिपके हे चित्र खुद्द भौतिकीनेही १९२०च्या दशकातच मागे टाकलं. ते उरलं बोधचिन्हांत आणि पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर. म्हणजे दोन वर्षांच्या मुलासमोर आपण जे ठेवतो ते न दिसणाऱ्या गोष्टीच्या, सोडून दिलेल्या कल्पनेचं, ढोबळ चित्र. मुलाला त्यात चेंडू दिसतो आणि तो ‘बॉल!’ म्हणतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. पुस्तकात जेवढं त्याच्यापर्यंत पोहोचण्याजोगं होतं तेवढं त्याने घेतलं. हरकत आहे ती मुखपृष्ठावरच्या शब्दांना. इलेक्ट्रॉन कठीण आहे म्हणून अडतो, ही समजूत चुकीची आहे. अडतं ते चित्र आणि वस्तू यांच्यातल्या अंतरापाशी, आणि हे अंतर विषय सोपा करून कमी होत नाही.

मग तान्ह्या मुलाला कठीण विज्ञान द्यायचंच नाही का? इथे दुसऱ्या बाजूचा पुरावा येतो आणि तो कमालीचा उत्साहवर्धक आहे. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांना एक खेळण्यातली गाडी उतारावरून घरंगळताना दाखवली. काही बाळांना ती भिंतीपाशी थांबलेली दिसली, काहींना भिंतीच्या आरपार गेल्यासारखी दिसली. आणखी काहींना एक वस्तू काठावरून पुढे ढकलली तरी अधांतरी राहिलेली दिसली. मग ती वस्तू बाळांच्या हाती दिली. जिने भिंत पार केली होती ती वस्तू बाळांनी टेबलावर आपटून पाहिली. जी अधांतरी राहिली होती ती वरून खाली टाकून पाहिली. प्रत्येकाने आपल्यापुढच्या कोड्याला साजेसा प्रयोग केला. एवढंच नाही, ज्या वस्तूने अपेक्षाभंग केला तिच्याविषयीची नवी माहिती त्यांनी अधिक चांगली टिपली. बोलता न येणाऱ्या जिवाकडे घनपणा आणि आधार यांविषयी ठाम अपेक्षा असतात, त्या मोडल्या की तो चौकशी करतो, आणि चौकशीची रीत प्रश्नावर बेतलेली असते.

आता तीच गाडी आणि तीच भिंत भौतिकीच्या बाजूने पाहा. गाडी भिंतीतून आरपार का जात नाही? दोन्ही अणूंच्या बनलेल्या आहेत आणि अणू बहुतांशी रिकामा असतो, असं आपण शाळेत शिकतो. मग घन वस्तू घन का? याचं समाधानकारक उत्तर अभिजात भौतिकीला देता आलं नाही. त्यासाठी वुल्फगांग पाउली यांचं १९२५चं तत्त्व लागलं, की एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. आणि पदार्थ आपल्यातच कोसळून का पडत नाही, याची काटेकोर गणिती सिद्धता फ्रीमन डायसन व अँड्रू लेनर्ड यांनी दिली ती थेट १९६७मध्ये. अकरा महिन्यांचं बाळ गाडी आपटून जो प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर क्वांटम भौतिकीत आहे. बाळ क्वांटम भौतिकीपासून दूर नाहीच. ते तिच्या ऐन दारात, अनुभवाच्या बाजूला उभं आहे. आपण मात्र त्याला स्पष्टीकरणाच्या बाजूने आत ओढायला बघतो, जिथे नुसती चिन्हं आहेत. या पुस्तकाची भूमिका एवढ्यात सांगता येईल: कितीही गहन विषय लहानग्यांपुढे ठेवावा, पण त्याच्या अनुभवाकडच्या टोकाने. बाळासाठी क्वांटम भौतिकीचं पुस्तक लिहायचं तर त्यात भिंत हवी, चेंडू हवा, चाळणीतून जाणारं पाणी आणि चाळणीत अडणारे गहू हवेत. काच हवी, जिच्यातून उजेड येतो पण माशी येत नाही. इलेक्ट्रॉन शब्दालासुद्धा त्यात यायला बंदी नाही, पण पानाचा भार त्याच्यावर टाकू नये.

याचं सर्वपरिचित उदाहरण विज्ञानाचं पुस्तक म्हणून ओळखलंच जात नाही. एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९चं. पानावर अंडं, अंड्यातून अळी, अळी खाते, फुगते, कोषात जाते, फुलपाखरू होते. पूर्ण रूपांतरण ही जीवशास्त्रातली काही सोपी गोष्ट नव्हे. एकाच जीवाचं शरीर कोषात जवळजवळ मोडून नव्याने उभं राहतं, आणि ते कसं यावर अजून संशोधन चालू आहे. तरी दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याचा क्रम पेलतो, कारण क्रमातली प्रत्येक अवस्था डोळ्यांना दिसणारी आहे आणि अळीने पाडलेल्या भोकात बोट घालता येतं. (इथलं भोक लोभस असूनही आड येत नाही, कारण ते गोष्टीतल्याच घटनेचं आहे.) अळी केक आणि सॉसेज खाते हे खोटं, आणि फुलपाखराच्या कोषाऐवजी पतंगाचा रेशमी कोष आला म्हणून जाणकारांनी कार्ल यांना टोकलंही. पण चित्र आणि वस्तू यांतलं अंतर हवं तितकं कमी करायची सोय या विषयात आहे. आपल्याकडे कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीवर फुलपाखरं अंडी घालतात. त्यांची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. पुस्तक मिटून गच्चीत जायचं, एवढंच काय ते अंतर.

अनुभवाच्या टोकापासून स्पष्टीकरणाच्या टोकाकडे केव्हा निघावं, याचाही अंदाज आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या डेबोरा केलेमन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांना दहा पानांच्या एका चित्रकथेतून नैसर्गिक निवड शिकवून पाहिली. कथेतले सोंडवाले प्राणी काल्पनिक होते. हवामान बदलतं, त्यांचं खाद्य असलेले किडे जमिनीत खोल अरुंद बोगद्यांत जातात, जाड सोंडेचे उपाशी मरतात, बारीक सोंडेचे जगतात आणि त्यांना पिल्लं जास्त होतात, असं पिढ्यानपिढ्या. मुलांना हे समजलं, दुसऱ्या प्राण्यांना लावता आलं आणि तीन महिन्यांनंतरही टिकलं. मोठ्या माणसांनाही चकवणारा हा सिद्धान्त. संशोधकांनी इतक्या लवकर सुरुवात केली, कारण ‘जिराफाला उंच पाला हवा होता म्हणून त्याची मान वाढली’ अशा तऱ्हेचा विचार मनात घट्ट बसण्याआधी खरी कारणमालिका सांगायची होती. पण लवकर म्हणजे पाचव्या वर्षी, पाचव्या महिन्यात नव्हे. आणि त्यांनी चित्राला गोष्टीचा कणा दिला: आधी हे झालं, म्हणून ते झालं.

या भूमिकेवर आक्षेप येतील. सर्वांत सौम्य आक्षेप असा की इलेक्ट्रॉनचं पुस्तक वाचलं तर बिघडलं काय? शब्द तर कानांवर पडतात. हे बरोबर आहे आणि त्याला पुरावाही आहे: २०१५च्या एका अभ्यासात शंभर चित्रपुस्तकांतली भाषा आईवडील मुलांशी एरवी बोलतात त्या भाषेशी ताडून पाहिली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द कितीतरी जास्त आढळले. रोजच्या बोलण्यात ‘जेव’, ‘झोप’, ‘हात लावू नको’ यांचाच फेर असतो. पुस्तक नवे शब्द घरात आणतं. आणखी एक फायदा मोठ्यांचा. दहावीनंतर विज्ञान सोडलेल्या आई-बाबांना ‘क्वांटम’ हा शब्द न बिचकता उच्चारता येऊ लागला, तर ते घर विज्ञानाला थोडं कमी परकं होतं. हा लाभ मी कमी लेखत नाही. पण मग तो मोठ्यांचा लाभ आहे असं स्पष्ट म्हणावं. बाळाच्या नावावर खपवला की पालक परतावा मोजू लागतात, दोन वर्षांच्या मुलाकडून पाहुण्यांसमोर ‘प्रोटॉन’ म्हणवून घेतात, आणि ते म्हणतंही. प्रोटॉन म्हणता येणं आणि खुळखुळा जोडता येणं यांतलं दुसरं अधिक विज्ञान आहे, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: सोपं करून सांगितलं की चुकीच्या कल्पना रुजतात, मग त्या उपटता येत नाहीत. हा धोका खरा आहे, पण त्याचा उगम पुस्तकात शोधणं भाबडेपणाचं. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२मध्ये दाखवलं की पृथ्वी गोल आहे असं सांगितल्यावर मुलं तिची पोकळ गोळा, चपटी थाळी अशी स्वतःचीच तडजोड घडवतात, कारण पायाखालची जमीन सपाट दिसते आणि माणूस खाली पडत नाही. हैदराबादच्या मुलांवर झालेल्या १९९६च्या अभ्यासात तर काही मुलांनी पृथ्वी पाण्यावर तरंगते असं सांगितलं. आपल्याकडच्या जुन्या सृष्टिकल्पनांचे अंश त्यांनी शाळेतल्या भूगोलाशी जुळवून घेतले होते. मूल कोरं नसतं. पुस्तक नसलं तरी ते जगाची काहीतरी व्यवस्था लावतंच. म्हणून चुकीच्या भीतीने गप्प राहण्यापेक्षा, मूल ज्या अनुभवावरून चुकतं आहे त्या अनुभवापाशी जाणं जास्त फलदायी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: लहानपण गोष्टींचं असतं, तिथे विज्ञान कशाला घुसवता? बोलणारे प्राणी पुस्तकांतून हाकलून द्यायचे का? पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना प्राण्यांची दोन तऱ्हेची पुस्तकं वाचून दाखवली. प्राणी माणसांसारखे बोलतात-वागतात अशा पुस्तकातून मुलं त्या प्राण्यांविषयीच्या वस्तुस्थिती कमी शिकली आणि माणसाचे गुण खऱ्या प्राण्यांना जास्त चिकटवू लागली. निष्कर्ष स्पष्ट आहे, पण तो माहिती देण्याच्या पुस्तकापुरता आहे. मराठी घरांत मुलाला बहुधा सर्वांत आधी ऐकवली जाणारी गोष्ट चिमणीच्या मेणाच्या आणि कावळ्याच्या शेणाच्या घराची असते. त्यातली चिमणी बोलते, दार लावते, बाळाला न्हाऊ घालते. तरी त्या गोष्टीचा सांधा काय आहे? पावसात शेण विरघळतं, मेण विरघळत नाही. द्रव्याच्या गुणधर्मावर उभी असलेली इतकी चपखल कथा कुणा विज्ञानलेखकाला ठरवून सुचली असती का, शंकाच आहे. ती तशीच सांगावी, आणि अडीच वर्षांच्या श्रोत्याला मेणबत्तीचा तुकडा व मातीचं ढेकूळ पाण्याच्या पातेल्यात टाकू द्यावं. चिमणी चित्रकाराने कशीही काढावी, पण ढेकूळ मातीचंच दिसलं पाहिजे.

मराठीत यासाठी जमीन तयार आहे, पीक मात्र तुरळक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं केली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘हलकं-फुलकं विज्ञान’ने प्राथमिक वर्गांत निरीक्षणाला पाठ्यपुस्तकाचं स्थान दिलं, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून प्रयोग हातात दिले, माधुरी पुरंदरे यांनी मराठी मुलाचं घर, गल्ली आणि माणसं बारकाव्यांनिशी चितारली. उणीव आहे ती तीन वर्षांखालच्या वाचकासाठीच्या पुस्तकांची. जाड पुठ्ठा, गोल कापलेले कोपरे, चाटली तरी न निघणारी शाई यांमुळे असं पुस्तक महाग पडतं आणि छोट्या आवृत्तीत प्रकाशकाला परवडत नाही. म्हणून मग परदेशी पुस्तकाचा अनुवाद होतो आणि त्यात मेपलची पानं व बर्फाचा माणूस येतो. थंडीतही घाम येणाऱ्या रत्नागिरीच्या मुलाला बर्फ वितळण्याचं विज्ञान सांगायला बर्फाचा माणूस कुचकामी आहे. बर्फगोळ्याची गाडी पुरते.

हे सगळं मान्य करूनच पुढच्या प्रकरणांचे विषय निवडले आहेत: पडणं, अडणं, मावणं, विरघळणं, सावली, आवाज, उगवणं. वाचकाला अंतराळ दिसणार नाही, आणि अनेकांना ते खटकेल, कारण मुलांच्या विज्ञानात ग्रह आणि डायनासोर नसले तर चुकल्यासारखं वाटतं. ग्रह वगळण्याचं कारण साधं आहे. पानावर पृथ्वी एक मिलिमीटरची काढली तर सूर्य साधारण अकरा सेंटिमीटरचा होतो आणि तो जवळपास बारा मीटर अंतरावर काढावा लागतो. कोणत्याही पुस्तकाचं पान तेवढं नसतं, म्हणून सूर्यमालेचं प्रत्येक चित्र मापाने खोटं असतं. मोठ्यांना ते माहीत असतं, तीन वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. चंद्र मात्र ठेवला आहे, कारण तो खिडकीतून दिसतो. त्याच्या प्रकरणात चित्रकारांना दोन विनंत्या केल्या आहेत. चंद्र दिवसाच्या चित्रातही काढा: शुद्ध अष्टमीच्या आसपास तो दुपारी पूर्वेकडे असतो, वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी पश्चिमेकडे, आणि तिथी पाहायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. आणि कोरीच्या दोन टोकांच्या आत चांदणी काढू नका. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग आहे, त्याच्या अलीकडे तारा नसतो.